आवाज फुटेपर्यंत

म्हातारीच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्या वर्षीची ही गोष्ट. पट्टी सुटून ती घरी आली तेव्हा उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "अगं बाई, या भिंतींना एवढे पोपडे कधी धरले?" मग तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. "आणि तुम्ही कधी एवढे म्हातारे झालात?"

"तुझी वाट बघता बघता," आबा म्हणाले.

स्वयंपाकघरात सून हसली. त्या दिवसांत घरात हसू तसं कमीच होतं. डोंगराच्या पायथ्याची दगडखाण बंद पडली होती. मुलगा तिथं चौदा वर्षं कामाला होता. आता तो लांबच्या शहरात दुसऱ्याचा टेम्पो चालवत होता. शनिवारी यायचा, सोमवारी उजाडायच्या आत निघायचा, आणि मधला सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तो उठेपर्यंत सून भांडीसुद्धा आवाज न करता घासायची.

एका रविवारी जेवताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "याला संसार म्हणायचं का? मी इथं काहीतरी उभं करते. ते चाललं की तुम्ही परत या."

"काय उभं करणार?" मुलानं विचारलं.

"कोंबड्या."

"अंड्यांच्या?"

"खायच्या. खानावळवाल्या बाईशी बोलून आलेय मी. कारखान्याच्या फाटकासमोरच्या. तिला कापून, साफ करून दिलेल्या हव्यात. एका खेपेला चाळीस-पन्नास."

"आणि कापणार कोण?"

मुलाला हे विचारावंच लागलं, कारण तो स्वतः रक्त दिसलं की भिंत शोधायचा. सुनेनं सासऱ्याकडे पाहिलं. आबांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि मान डोलावली. चाळीस वर्षं त्या वस्तीतल्या प्रत्येक घरची पाखरं त्यांनीच कापली होती. कुणाकडे पाहुणे आले की आबांना हाक यायची. ते आपली सुरी कापडात गुंडाळून न्यायचे, काम करायचे, एक कप चहा घ्यायचे आणि परत यायचे. ते कुणाला विचारावं लागतं, हीच गोष्ट त्यांना जरा लागली.

पुढच्या गुरुवारी सून एसटीतून उतरली ती दोन भोकाभोकांची खोकी घेऊन. खोकी उघडली तर आत पन्नास पिवळे बोळे.

"बॉयलर," आबा म्हणाले. ताप आलाय म्हणावं तसं म्हणाले.

"हो, बॉयलर. सहा आठवड्यांत दोन किलोची होतात."

"सहा आठवड्यांत? सहा आठवड्यांत आमचं पाखरू आईच्या पंखाखालून बाहेर येतं."

सुनेनं खोकी उचलली. परसातल्या जुन्या गोठ्यात तिनं सगळी तयारी करून ठेवली होती. दोन जनावरं विकल्यापासून तो गोठा रिकामाच होता. लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा चार बोटं जाडीचा पसरला होता. पत्रा गोल वाकवून त्याचं रिंगण केलं होतं, वर दिवा टांगला होता. तिनं एकेक पिल्लू उचललं, त्याची चोच साखरेच्या पाण्यात बुडवली आणि दिव्याखाली सोडलं. पन्नास वेळा. आबा दारात उभे राहून बघत होते. विसाव्या पिल्लाला ते म्हणाले, "मान वर करू दे त्याला. पाणी मान वर करून गिळतात ती." एकविसाव्या पिल्लाला ते स्वतः खाली बसले.

त्या दिवसापासून गोठा आबांचा झाला. पिल्लं दिव्याखाली एकावर एक चढली की थंडी आहे, दिवा खाली घ्यायचा. पत्र्याच्या कडेला पळून चोची उघडून बसली की उकडतंय, दिवा वर घ्यायचा. हे त्यांना सांगावं लागलं नाही. सून सकाळी खाद्य घालायची, पाण्याची भांडी घासायची. आबा काठीनं भुसा वरखाली करायचे, ओला झालेला घमेल्यात भरून बाहेर टाकायचे. पहिल्या आठवड्यात तीन पिल्लं गेली. आबांनी ती कवठीच्या झाडाखाली पुरली. सत्तेचाळीस उरली. म्हातारीला मात्र गोठ्याकडे फिरकायची बंदी होती. त्या वासानं धडधाकट डोळ्यालाही पाणी यायचं, तिचा तर नुकताच उघडलेला.

"मला लांबूनच दिसतंय सगळं," ती ओट्यावरून म्हणायची. "सूनबाई, तुझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या पोराला एवढं कधी मांडीवर घेतलं नव्हतं."

पाखरं वाढली ती बघता बघता. सोमवारी मुलगा घरातून निघताना मुठीएवढी असायची, शनिवारी येताना ओंजळीत मावायची नाहीत. पिवळं गेलं, पांढरं आलं. पण आबांना त्यांच्यात काहीतरी खटकत होतं. ती उडत नव्हती. भांडत नव्हती. कावळा आला तरी मान वर करून बघत नव्हती. खायची, तिथंच बसायची, बसल्या बसल्या खायची. छातीवरची पिसं झडून खालची गुलाबी कातडी दिसायची. "ही कोंबडी आहेत का उशा?" आबा म्हणायचे, आणि तरीही दुपारी गोठ्यात त्यांच्याजवळच टेकून बसायचे.

बेचाळिसावा दिवस गुरुवारी आला. सुनेनं पहाटे दोन पातेली पाणी तापवलं. ओंडका धुतला, बादल्या मांडल्या. खानावळवाली दहा वाजता रिक्षा पाठवणार होती. आबांनी दगडावर सुरी घासली, अंगठ्यानं धार बघितली. सुनेनं पहिलं पाखरू आणून त्यांच्या हातात दिलं. दोन किलोला थोडं जास्तच. आबांनी पंख पायाखाली घेतले, मान ताणली.

पाखरू म्हणालं, "चिव."

आबा थांबले. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. पाखरू पुन्हा म्हणालं, "चिव, चिव." जेवढ्या आवाजात खोक्यातून उतरलं होतं, तेवढ्याच आवाजात.

आबांनी पाय उचलला. पाखरू लडबडत दोन पावलं गेलं आणि बसलं.

"काय झालं?" सून म्हणाली.

"आवाज फुटलेला नाही याचा."

"मग?"

"मग काय? चिवचिवतंय ते. लेकरू आहे. माझ्या बापानं मला सुरी दिली तेव्हा एकच सांगितलं होतं. चिवचिवणाऱ्या पाखरावर ही चालवायची नाही. आजवर चालवली नाही."

"आबा, ही अशीच असतात. बाजारातली सगळी अशीच कापतात."

"बाजारात कापत असतील."

"अहो, बाई रिक्षा पाठवतेय!"

"आठ दिवस थांब. आवाज फुटेल. मांसही धरतील अजून." त्यांनी सुरी पुसली, कापडात गुंडाळली आणि ते घरात गेले. सून दोन पातेल्यांच्या वाफेत तशीच उभी राहिली. दहा वाजता रिक्षा आली, रिक्षावाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. सुनेनं बाहेर जाऊन काहीतरी सांगितलं. तो मोठ्यानं म्हणाला, "बाई मला शिव्या घालेल, वहिनी, तुम्हाला नाही." आबांनी ते आतून ऐकलं.

आठ दिवस गेले. आवाज फुटला नाही. ऊन मात्र वाढलं. दुपारी गोठ्याचा पत्रा हात लावू देत नव्हता. सत्तेचाळीस पाखरं चोची उघडून धापा टाकायची. सून विहिरीवरून पाणी आणून पोती भिजवायची, ती खिडक्यांना टांगायची. ती सुकेपर्यंत पुन्हा विहिरीवर. तिच्या तळहाताची कातडी दोरीनं सोलवटली. तिनं त्यावर फडकं बांधलं आणि जेवताना तो हात ताटाखाली ठेवला. काही पाखरांचे पाय फाकले; ती पाण्यापर्यंत जाऊ शकेनात, म्हणून सून एकेकापुढे वाटी धरायची. आबा दुसऱ्या बाजूनं वाटी धरायचे.

जनावरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून चालला होता, त्याला सुनेनं थांबवलं. त्यानं गोठ्यात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "किती दिवसांची?"

"एक्कावन्न."

"वहिनी, का ठेवलीत ही? वजन बघा त्यांचं. काळीज एवढंसं आणि अंग एवढं. या उन्हात पटापट मरतील."

"आवाज कधी फुटतो यांचा?" आबांनी विचारलं.

डॉक्टरला आधी प्रश्न कळला नाही. कळल्यावर तो हसला नाही, एवढं बरं केलं. "आजोबा, तोवर चार-पाच महिने जातील. एवढे दिवस यांतलं एकही तगायचं नाही."

"कालचं पोर," तो गेल्यावर आबा म्हणाले.

"कालचं असेल, पण शिकलेलं आहे," सून म्हणाली. गेल्या नऊ दिवसांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. "मला एवढंच सांगा आबा, तुमचा नियम पाळायचा, का तुमच्या मुलाला घरी आणायचं? दोन्ही जमणार असेल तर मी आणखी दहा वर्षं पाणी ओढते."

आबांनी काठी उचलली. ते भुसा उकरायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सहा पाखरं गेली. आवाज नाही, तडफड नाही. बसल्या जागी उलटी झाली, पाय आभाळाकडे. सून ती एकेक उचलून बाहेर ठेवत होती. सहावं ठेवताना ती खालीच बसली, आणि मग तिला उठता येईना. ती रडली नाही. नुसती त्या पाखराच्या पायाला हात लावून बसली. आबांनी कुदळ घेतली, कवठीखाली मोठा खड्डा केला. खणताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

संध्याकाळी म्हातारीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि ती समोरच बसली. एरवी ती ठेवून आत जायची.

"उचला," ती म्हणाली.

"गरम आहे."

"गरम असताना पिता तुम्ही. उचला."

आबांनी कपबशी उचलली. बशी वाजायला लागली. त्यांनी ती पटकन खाली ठेवली.

"वर्षभर ऐकतेय मी हा आवाज," म्हातारी म्हणाली. "दिसत नव्हतं तेव्हा वाटायचं, कपच तडकलेला असेल. सूनबाईला म्हटलंसुद्धा, नवीन कप आण. आता दिसतंय. कप चांगला आहे."

आबांनी हात मांडीखाली घेतले.

"कधीपासून?"

"रेडिओचा कोंबडा कापला तेव्हापासून," आबा शेवटी म्हणाले. रेडिओ म्हणजे शेजारचा; एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडायचं नाही, म्हणून त्याला सगळे तसं म्हणायचे. "सुरी घसरली. अर्धी मान कापलेला कोंबडा हातातून सुटला, अंगणभर पळाला. पोरं हसत होती. मी म्हटलं, फार जोर होता त्याला. जोर कसला? दोन वर्षांचं म्हातारं कोंबडं ते. कुंपणात अडकून मेलं. बराच वेळ लागला त्याला."

"आणि त्या दिवशी? ते चिवचिव?"

आबांनी बोटानं कपाची कड पुसली. "ते खरंच चिवचिवलं. बापानं खरंच तसं सांगितलं होतं. खोटं काही नाही." मग ते म्हणाले, "पण ते चिवचिवलं तेव्हा मला बरं वाटलं."

म्हातारीनं बशीतला चहा कपात ओतला आणि कप त्यांच्या दोन्ही हातांत दिला. "असा धरा," ती म्हणाली. "सांडत नाही."

सकाळी आबांनी स्वतः पाणी तापत ठेवलं. सून दात घासत बाहेर आली तर ओंडका धुतलेला, बादल्या मांडलेल्या.

"आबा, तुम्ही कापणार?"

"नाही. तू."

सुनेनं चूळ भरली. "मी? मी आजवर ढेकूणसुद्धा चपलेनं मारलाय, हातानं नाही."

"चप्पल घालूनच ये. रक्त सांडतं."

हसायचं का नाही ते तिला कळेना. आबांनी आपला उजवा हात तिच्यापुढे धरला, बोटं पसरून. बोटं एकेकटी हलत होती, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी. सुनेनं तो हात बघितला, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि पदर कमरेला खोचला.

"तुमचा नियम?" तिनं विचारलं.

"नियमाचं मी बघतो. तू मानेचं बघ."

आबांनी पाखरू घेतलं. आता ते तीन किलोच्या वर होतं. दोन्ही हातांनी पंखांवरून आवळून त्यांनी ते ओंडक्यावर धरलं. धरायचं म्हटलं की हात थरथरत नव्हते, वजनाखाली गप्प बसायचे. "डावा अंगठा जबड्याखाली. दाबू नको, नुसता ठेव. लागतंय का काही धडधडणारं?"

"लागतंय."

"तिथंच. कानाच्या खाली. एकदाच, आणि खोल. घाबरून हळू केलंस तर त्याला त्रास."

सुनेनं सुरी घेतली आणि डोळे मिटले.

"डोळे उघड."

"नाही बघवत, आबा."

"बघायला पाहिजे. आपण खाणार, आपण विकणार, मग बघायचं कोणी? डोळे त्यानं मिटायचेत, तू नाही."

पाखरू चिवचिवलं. आबांचा जबडा आवळला, पण हात तसेच राहिले. सुनेनं डोळे उघडले आणि सुरी ओढली. पहिली वेळ कमी पडली. "पुन्हा, लगेच," आबा म्हणाले, आणि तिनं पुन्हा ओढली. रक्त तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. पाखराचे पाय आबांच्या पोटावर आपटत राहिले, मग सावकाश थांबले. सून सुरी हातात धरून कुंपणापर्यंत गेली, ओकली, पदरानं तोंड पुसलं आणि परत आली.

"आणा," ती म्हणाली.

दुसरं एका ओढीत झालं. पाचव्याला ती आबांच्या सांगण्याच्या आधीच अंगठ्यानं जागा शोधायला लागली. दहाव्याला आबांनी सांगायचं बंद केलं. म्हातारी वास येणार नाही अशा बाजूला खुर्ची टाकून बसली आणि गरम पाण्यातून काढलेल्या पाखरांची पिसं उपटत राहिली. मधूनच सुनेनं उपटलेलं एखादं ओढून परत करायची, "याच्या मांडीवर चार राहिलीत बघ." नवा डोळा फुकट जाऊ देत नव्हती.

त्या दिवशी वीस झाली, दुसऱ्या दिवशी एकवीस. खानावळवाली स्वतः आली, घमेल्यातलं एक उचलून तिनं दोन्ही हातांत तोललं. "ही कोंबडी आहे का बोकड? माझ्या पातेल्यात एक घातली तर झाकण बसायचं नाही!" ती बराच वेळ बडबडली, आणि सगळी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या खेपेला वेळेवर दे. गुरुवार म्हणजे गुरुवार."

"गुरुवारीच," सून म्हणाली.

आबांना त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि पुढच्या खेपांनाही ते पाखरं धरायचे तेव्हा मान दुसरीकडे फिरवायचे. सुनेला बघायला लावलं आणि स्वतः बघत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. बापाचा शब्द त्यांनी मोडला होता; तो मोडल्याचं ओझं त्यांचं त्यांना वाहू द्यावं, एवढं तिला समजत होतं.

तीन खेपा झाल्या. एका सकाळी कुंपणापाशी रेडिओ उभा राहिला, काखेत कोंबडा. "आबा, पाहुणे आलेत. येता का सुरी घेऊन?"

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी घराकडे बघितलं, मग रेडिओकडे. "सुनेला विचार," ते म्हणाले. "मोकळी असेल तर येईल."

"सुनेला? बाईमाणसाच्या हातून? अहो, लोक काय म्हणतील! आमच्यात कधी..."

"मान कोंबड्याची आहे, तुझी नाही," आबा म्हणाले. "आणि तुझा मागचा कोंबडा माझ्या हातानं वाईट मेला. त्याला जोर नव्हता. माझा हात गेलाय. तेव्हा खोटं बोललो."

रेडिओ आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. सून हात पुसत बाहेर आली. तिनं त्याच्या काखेतून कोंबडा घेतला, आणि म्हणाली, "चला, भाऊजी. तुमच्याच अंगणात करू. चहा मात्र ठेवायला सांगा."

मुलगा पुढच्या वर्षी परत आला. गोठ्याला लागून त्यानं दुसरी शेड बांधली. कापायच्या दिवशी तो सकाळपासून खाद्य आणायला म्हणून बाहेर जायचा आणि संध्याकाळी यायचा. खाद्याचं दुकान दहा मिनिटांवर होतं.

आबा त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी गेले, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी. गुरुवारी शेडमधल्या साठ पाखरांचा बेचाळिसावा दिवस होता. लोक म्हणाले, राहू दे या वेळी. सुनेनं सासूकडे बघितलं. म्हातारी उठली, ओंडक्यापाशी बसली आणि पहिलं पाखरू तिनं धरलं. म्हातारी गेली ती पुढच्या वर्षी, ऑगस्टमध्ये.